युद्धांत सांपडलेलीं निःशस्त्र माणसें
(ज्युबिली महोत्सवांत पुसेगांव येथें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल दिवसांत आपणांपुढें चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हां चालकांची अपेक्षा काय असावी हें उघड होतें. मंदिराचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोणीं दिली, पहिले मिशनरी बैलगाडीनें आले कीं पायीं आले, हें सर्व आम्हीं सांगावें असें त्यांस वाटत होतें. तें काम या पुस्तिकेंतील इतर लेखक आमच्याहून अधिक चांगलें करतील. आम्हीं मात्र निराळा विषय घेतला आहे, आणि आनंदाच्या प्रसंगास तो थोडा जड आहे, याची आम्हांस जाणीव आहे.

कारण असें कीं, गेल्या कांहीं वर्षांत ब्रह्मदेशांतील काचिन नांवाच्या लोकांसाठीं आपल्या मंदिरांत वरचेवर प्रार्थना होत आली आहे. त्यावर आपल्यापैकीं कित्येकांनीं आम्हांस दोन प्रश्न विचारिले. एक, हे काचिन कोण? आणि दुसरा, ते आपल्या धर्माचे आहेत म्हणून आपण त्यांच्यासाठीं प्रार्थना करतों काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. दुसऱ्याचें उत्तर द्यावयाचें तर ब्रह्मदेशाहून परत फिरून आपल्याच पैनगंगेच्या कांठीं यावें लागतें.

ब्रह्मदेशाच्या अगदीं उत्तरेस, जेथें माली व न्माई या दोन नद्यांच्या संगमांतून इरावती जन्म घेते, तो डोंगराळ मुलूख काचिनांचा. काचिन हें एका जातीचें नांव नसून जिंगपॉ, लिसु, रवांग, झाईवा अशा अनेक कुळांचें मिळून पडलेलें नांव आहे. त्यांतील जिंगपॉ लोकांचे भाऊबंद आपल्या भारतांतहि राहतात; अरुणाचल प्रदेशांत व आसामांत त्यांना सिंगफो म्हणतात. तेव्हां देश परका असला तरी हें रक्त अगदींच परकें नव्हे. काचिनांपैकीं बहुतेक ख्रिस्ती आहेत. त्यांत बाप्तिस्त पंथाचे अधिक, कॅथलिक त्याहून कमी. पण म्यितक्यिना व बानमॉ अशीं दोन कॅथलिक धर्मप्रांतें त्या मुलुखांत आहेत.

ब्रह्मदेश इंग्रजांच्या हातून सुटण्यापूर्वीं, १९४७ च्या फेब्रुवारीच्या १२ तारखेस, पांगलाँग या गांवीं एक करार झाला. ब्रह्मी पुढारी आंग सान यांनीं काचिन, शान व चिन या डोंगरी लोकांच्या प्रमुखांस वचन दिलें कीं, तुम्ही आमच्याबरोबर या, तुमच्या घरचा कारभार तुमच्याच हातीं राहील. पुढें सुमारें पांच महिन्यांनींच, १९ जुलै रोजीं, आंग सान यांचा खून झाला. वचन देणारा गेला आणि वचन कागदावर राहिलें. १९६१ सालीं काचिनांनीं शस्त्र उचललें. १९९४ सालीं तह झाला, तो सतरा वर्षें टिकला आणि २०११ च्या जूनच्या ९ तारखेस मोडला. त्यानंतर एक लाखाहून अधिक माणसें घरादारास मुकलीं. पुष्कळ मुलें छावणींतच जन्मलीं; आपलें गांव त्यांस आजीच्या तोंडूनच ठाऊक आहे.

आतां लढाई म्हटली कीं माणसें मरणारच, असें कोणी म्हणेल. शिपाई शिपायास मारतो, ती गोष्ट निराळी. आम्ही बोलत आहों ती ज्यांच्या हातांत शस्त्र नव्हतें त्यांच्याविषयीं. राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क परिषदेनें नेमलेल्या चौकशी मंडळानें २०१८ सालीं आपला अहवाल दिला. काचिन व शान प्रांतांत लष्करानें निःशस्त्रांस ठार मारिलें, गांवें जाळलीं, स्त्रियांची अब्रू घेतली, पुरुषांना धरून ओझीं वाहावयास व पुढें वाट दाखवावयास लाविलें, आणि निर्वासितांस पाठविलेलें अन्न वाटेंतच अडविलें, असें त्या मंडळानें लिहून ठेविलें आहे. काचिनांच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनींहि तरुणांना बळजबरीनें भरती केल्याचें त्यांत नमूद आहे. ही शेवटची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों. आपल्या धर्माचे लोक आहेत म्हणून त्यांचे दोष झांकावे, हा न्याय नव्हे.

२०१५ च्या जानेवारींत शान प्रांतांतील कौंगखा या खेड्यांत दोन तरुण काचिन शिक्षिकांवर अत्याचार होऊन त्यांचा खून झाला. त्या चर्चच्या वतीनें स्वेच्छेनें शिकवावयास गेल्या होत्या. पांच वर्षें लोटलीं तरी त्या गुन्ह्याबद्दल कोणासहि शिक्षा झालेली नव्हती. २०२१ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस लष्करानें सर्व देशाचीच सत्ता बळकाविली, आणि त्यानंतर आकाशहि निर्भय राहिलें नाहीं. २०२२ च्या २३ ऑक्टोबरच्या रात्रीं आनांगपा येथें गाण्याबजावण्याचा समारंभ चालू असतां विमानांतून बाँब पडले, साठांहून अधिक माणसें मेलीं. पुढच्याच वर्षीं ९ ऑक्टोबरच्या रात्रीं लाइझाजवळ मुंगलाई खेत येथील निर्वासितांच्या वस्तीवर मारा झाला. सुमारें तीस जीव गेले, त्यांत मुलें पुष्कळ होतीं. जें ठिकाण पळून आलेल्यांचें आश्रयस्थान, तेथेंच मरणानें त्यांस गांठिलें.

सिस्टर ॲन रोज नु तॉन्ग यांचें छायाचित्र आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. म्यितक्यिना येथें २०२१ च्या ८ मार्चला ही काचिन धर्मभगिनी शस्त्रधारी पोलिसांपुढें रस्त्यावर गुडघे टेकून बसली आणि मुलांना मारूं नका, मारावयाचेंच तर मला मारा, असें म्हणाली. तिच्यासमोर दोन पोलिसांनींहि गुडघे टेकून हात जोडले. इतकेंच छायाचित्र जगभर फिरलें. त्यानंतर थोड्याच वेळांत गोळ्या सुटल्या व दोन माणसें मारलीं गेलीं, हें मात्र छायाचित्रांत नाहीं. सिस्टर ज्या संघाच्या, त्यास संत फ्रान्सिस झेवियर यांचें नांव आहे. त्या संताचा देह आपल्या गोव्यांत आहे, म्हणून ही गोष्ट सांगतांना आम्हांस जवळीक वाटली, एवढेंच.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे येतों. हे लोक बौद्ध असते, मुसलमान असते, किंवा कोणत्याच धर्माचे नसते, तर आपण त्यांच्यासाठीं गुडघे टेकले असते काय? हा प्रश्न आपल्या भूमीवरच एकदां विचारला गेलेला आहे. त्याचें उत्तर आपल्या वडिलांच्या पिढीनें बरेंचसें चुकीचें व थोडेसें फार उज्ज्वल असें दिलें.

आज आपण हिंगोली जिल्ह्यांत बसलों आहों. हा जिल्हा १९९९ च्या १ मे रोजीं झाला. त्यापूर्वीं आपण परभणीचे होतों, आणि त्याहून मागें निजामाचे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या पांच जिल्ह्यांचा मराठवाडा हैदराबाद संस्थानांत होता. कचेरीची भाषा उर्दू, प्रजेची मराठी. १९४७ च्या ऑगस्टांत बाकीचा देश स्वतंत्र झाला, पण मीर उस्मान अली खान यांनीं संस्थान भारतांत सामील केलें नाहीं. नोव्हेंबरच्या २९ तारखेस एक वर्षापुरता जैसे थे करार तेवढा केला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेसनें ऑगस्टच्या आरंभापासूनच लढा पुकारला होता. त्याच्याविरुद्ध इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाचे स्वयंसेवक, म्हणजे रझाकार, उभे राहिले. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील.

रझाकारांनीं जें केलें तें आपल्या गांवोगांवीं अजून सांगितलें जातें. लूट झाली, घरें पेटलीं, बायकांवर हात पडले. बिदर जिल्ह्यांतील गोरटा गांवीं १९४८ च्या मे महिन्यांत एका दिवसांत दोनशेंच्या आसपास माणसें कापलीं गेलीं. आपल्या भागांतील कुटुंबें पैनगंगा ओलांडून वऱ्हाडांत गेलीं, कारण पलीकडे इंग्रजांचा जुना मुलूख, म्हणजे आतां भारत. वसमतच्या महाविद्यालयास ज्यांचें नांव आहे ते हुतात्मा बहिर्जी शिंदे याच काळचे. गांवकुसाबाहेरच्या वस्तीची तर दोन्हीकडून ओढाताण होती. एक बाजू म्हणे आमच्यांत या, दुसरी संशयानें पाही. डॉक्टर आंबेडकरांना १९४७ च्या नोव्हेंबरांत पत्रक काढून सांगावें लागलें कीं, संस्थानांतील आपल्या लोकांनीं निजामाची बाजू घेऊं नये. त्या वस्तीशीं आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळांचें नातें आहे, हें आम्हीं सांगावयास नको.

येथें एक नांव मुद्दाम घेतों. हैदराबाद शहरांत शोएबुल्ला खान नांवाचे तरुण संपादक होते. त्यांचें इमरोज नांवाचें उर्दू दैनिक. धर्मानें मुसलमान असून त्यांनीं रझाकारांचा धिक्कार केला व संस्थानानें भारतांत जावें असें उघड लिहिलें. १९४८ च्या ऑगस्टच्या २१ तारखेच्या रात्रीं रझाकारांनीं त्यांस रस्त्यांत गांठून ठार मारिलें. ज्या हातानें लिहिलें तो हातहि तोडला. मुक्तिदिनाच्या भाषणांत हें नांव क्वचितच ऐकूं येतें.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारताचें सैन्य संस्थानांत शिरलें. सोलापूरकडून येणाऱ्या मुख्य फौजेचे सेनापति मेजर जनरल चौधरी होते. १७ तारखेस निजामानें नभोवाणीवरून शरणागति जाहीर केली. लढाई इतकी थोडक्यांत संपली कीं तिला पोलीस ॲक्शन हें नांव शोभलें. संस्थान भारतांत आलें हें योग्यच झालें, असें आम्ही मानतों; निजामाच्या राज्यांत परत जावें असें आपल्यापैकीं कोणाच्या स्वप्नांतहि येणार नाहीं. १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतों तो अभिमानानेंच लावतों आणि पुढेंहि लावूं.

पण १८ तारखेपासून काय झालें?

दिल्लीस बातम्या पोहोंचूं लागल्या तेव्हां पंडित नेहरूंच्या सरकारनें एक सद्भावना मंडळ पाठविलें. त्याचे प्रमुख पंडित सुंदरलाल, भारतांतील इंग्रजी राज्यावरील ज्यांचा ग्रंथ १९२९ सालीं इंग्रजांनीं जप्त केला होता ते; दुसरे काजी अब्दुल गफ्फार, हैदराबादेंत पयाम हें पत्र चालविलेले संपादक; तिसरे मौलाना अब्दुल्ला मिस्री. २९ नोव्हेंबर १९४८ ला ते हैदराबादेस पोहोंचले व २१ डिसेंबरपर्यंत फिरले. संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकीं नऊ त्यांनीं पाहिले. जेथें जातां आलें नाहीं अशा शंभरांहून अधिक गांवांच्या लोकांस बोलावून त्यांचें म्हणणें ऐकिलें.

त्यांनीं काय लिहिलें तें ऐकतांना, बंधुभगिनींनो, मन घट्ट करावें लागतें. पोलीस ॲक्शनच्या काळांत व त्यानंतर, अगदीं हात राखून केलेल्या अंदाजाप्रमाणें, सबंध संस्थानांत २७ हजार ते ४० हजार माणसें मारलीं गेलीं. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून अठरा हजारांहून कमी नाहींत. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या चारांत निदान पांच हजार. मेलेले बहुतेक मुसलमान. रझवीच्या लातुरांत वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होती. तेथें सुमारें दहा हजार मुसलमान होते, मंडळ पोहोंचलें तेव्हां जेमतेम तीन हजार उरले होते. हजारावर मेले, बाकीचे जीव घेऊन पळाले. प्रेतांनीं भरलेल्या विहिरी मंडळास ठिकठिकाणीं दाखविण्यांत आल्या. एका विहिरींत त्यांनीं अकरा प्रेतें मोजलीं; त्यांत एक स्त्री होती आणि तिच्या छातीशीं तिचें मूल तसेंच होतें.

विहीर म्हणजे आपल्या मराठवाड्यांत काय वस्तु आहे, हें आम्हीं दुष्काळी भागांतील लोकांस सांगावें काय? ज्या गांवानें आपली विहीर प्रेतांनीं भरूं दिली त्या गांवाच्या मनास त्या दिवशीं काय झालें असेल, याचा विचार आम्ही अनेकदां केला आहे. एकट्यादुकट्या गुंडाचें हें काम नव्हे. पुष्कळांनीं पाहिलें, आणि पाहणाऱ्यांत पुष्कळ सज्जन होते.

मंडळानें एकांगी लिहिलें, असें कोणी म्हणूं नये. जेथें हत्या सर्वांत अधिक झाल्या तेच जिल्हे रझाकारांचे मुख्य अड्डे होते व तेथील हिंदूंनीं त्यांच्या हातून सर्वांत अधिक सोसलें होतें, हेंहि त्यांत आहे. मेजर जनरल चौधरी यांच्या निःपक्षपातीपणाची व शिस्तीची त्यांनीं स्तुति केली आहे. त्याबरोबरच, कित्येक ठिकाणीं सैन्यांतील व पोलिसांतील माणसांनीं लुटींत आणि हत्येंतहि भाग घेतला, हेंहि स्पष्ट शब्दांत लिहिलें आहे. आणि आणखी एक गोष्ट, जी वाचतांना आम्हीं पुस्तक खालीं ठेविलें. हिंदु विणकरांनीं मुसलमान विणकरांना, स्वधर्मीय हल्लेखोरांविरुद्ध उभे राहून, वांचविलें. आणि तसें करतांना त्यांपैकीं कित्येकांनीं आपले प्राणहि दिले. एकाच मागावर, एकाच सुतावर पोट भरणारीं हीं माणसें. त्यांना शेजारी म्हणजे कोण हें समजावून सांगण्यास धर्मोपदेशक लागला नाहीं. दयाळु शोमरोन्याचा दाखला आपण वेदीवरून इतक्या वेळां वाचतों. त्यांतला तो वाटसरू या विणकरांनीं कधीं ऐकला नसेल, पण ते वाट सोडून गेले नाहींत.

हा अहवाल सरकारनें छापला नाहीं. कॅनडाचे अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनीं १९५० सालींच या हत्येवर एका इंग्रजी नियतकालिकांत लिहिलें. तें आपल्याकडे कोण वाचणार? अहवालाचा मजकूर सामान्य वाचकांपुढें २०१३ च्या सुमारास आला. इतकीं वर्षें आपण एका घटनेचा अर्धाच भाग जाणत होतों. कासीम रझवीस रीतसर अटक झाली, खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ सालीं तो सुटला व पाकिस्तानांत गेला. पुढाऱ्यास न्यायासन मिळालें. आणि रझाकाराचा गणवेश ज्यानें कधीं अंगावरहि घेतला नव्हता अशा पिंजाऱ्यास, विणकरास, गाडीवानास, त्याच्या बायकोमुलांस, कोणत्याहि न्यायाधीशानें कांहींहि विचारलें नाहीं.

तारखांकडे पाहिलें कीं आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. सुंदरलाल मंडळ संस्थानाच्या खेड्यांतून फिरत होतें त्याच दिवसांत, १० डिसेंबर १९४८ रोजीं, पॅरिस शहरीं राष्ट्रसंघानें मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला. त्याच्या पहिल्याच कलमांत सर्व पुरुष असा अर्थ होऊं शकणारे इंग्रजी शब्द होते, ते बदलून सर्व मानव असे शब्द घालावयास लावणाऱ्या हंसा मेहता या आपल्याच देशाच्या प्रतिनिधि. मनुष्य जन्मतःच स्वतंत्र व समान आहे असें जग तिकडे कागदावर लिहीत होतें आणि इकडे तीन वृद्ध गृहस्थ विहिरीच्या कांठावर वांकून प्रेतें मोजीत होते. पुढच्या वर्षीं, १९४९ च्या ऑगस्टांत, जिनीव्हा येथें जे करार झाले त्यांच्या तिसऱ्या कलमानें प्रथमच असा नियम घातला कीं, लढाई दोन राष्ट्रांमधली नसून एकाच देशाच्या पोटांतली असली तरी, ज्यानें शस्त्र धरलें नाहीं किंवा खालीं ठेविलें आहे त्यास मारूं नये, छळूं नये, त्याची विटंबना करूं नये, आणि न्यायासनावांचून शिक्षा देऊं नये. भारतानें १९५० सालीं ते करार स्वीकारले.

हें कलम आम्हांस फार मोलाचें वाटतें, कारण आमचें घरगुती प्रकरण आहे, बाहेरच्यानें बोलूं नये, ही सबब सर्वत्र एकच असते. ब्रह्मदेशाचे सेनापति काचिनांविषयीं हेंच म्हणतात. आपण त्यांस उत्तर देऊं शकतों, पण एका अटीवर: आपल्या घरांत जें झालें तें आपण स्वतः उच्चारलें पाहिजे. लातूरच्या विहिरीविषयीं जो गप्प बसतो त्याच्या तोंडीं मुंगलाई खेतचा शोक हलका वाटतो. आपल्या धर्माचे मेले म्हणून रडणें हा तर निसर्ग आहे. त्यास श्रद्धा लागत नाहीं.

आम्हांस ठाऊक आहे, कांहीं जण म्हणतील, फादर, जुनी जखम कशाला उकरतां? गांवांत आज सलोखा आहे, एकमेकांच्या लग्नाला जाणें आहे, बाजार एक आहे. या आक्षेपाचा आम्ही आदर करतों. सलोखा ही वस्तु देवाची देणगी आहे आणि व्याख्यानानें ती बिघडत असेल तर व्याख्यान न दिलेलेंच बरें. पण आमचा अनुभव असा कीं, जखम बंद ठेवल्यानें भरत नाहीं. तिच्यावर दुसराच कोणी येऊन हात ठेवतो आणि तो हात वैद्याचा असतोच असें नाहीं. निवडणूक आली कीं रझाकार हा शब्द शिवीसारखा फिरूं लागतो, आणि ज्यांचे आजोबा रझाकार नव्हते, उलट विहिरींत गेले, त्यांच्या नातवंडांस तो ऐकावा लागतो. दुसरे कोणी म्हणतील, आरंभ त्यांनींच केला. होय, रझाकारांनीं केला. परंतु गोरट्याच्या मेलेल्या माणसांचा सूड लातूरच्या विणकराच्या मुलावर कसा उगवतो, हा हिशेब आम्हांस आजवर कोणीहि मांडून दाखविलेला नाहीं. म्यितक्यिनाच्या रस्त्यावर सिस्टरनें ज्यांचे प्राण मागितले त्या मुलांचा अपराध काय, हाहि हिशेब तसाच.

आम्ही कॅथलिक या मराठवाड्यांत मूठभर आहों. १९७७ सालीं औरंगाबाद धर्मप्रांत झाला तेव्हांपासून आपल्याला येथला बिशप मिळाला. त्यापूर्वीं आपण अमरावतीकडे होतों. मूठभर असण्याचा एक फायदा असतो: १९४८ च्या भांडणांत आपण कोणत्याच बाजूचे मुख्य गडी नव्हतों. म्हणून दोन्हीकडचीं वृद्ध माणसें आपल्या अंगणांत बसून बोलूं शकतील, असें आम्हांस वाटतें. वऱ्हाडांत पळून गेलेल्या हिंदु घरांतील आजी आणि जवारीच्या कणसांत लपून राहिलेल्या मुसलमान घरांतील आजोबा, दोघांचें ऐकणारें एक तरी ठिकाण या तालुक्यांत असावें. १९४८ सालीं जीं मुलें दहा वर्षांचीं होतीं तीं आज पंचाऐंशीच्या पुढें गेलीं आहेत. दर पावसाळ्यांत त्यांतील कांहीं कमी होतात. ज्युबिलीच्या खर्चांतून आपण मंडप घातला, रोषणाई केली, तें योग्यच; पण त्याच पैशांतून दोन जाड वह्या आणि एक आवाज टिपणारें यंत्र घ्यावें, अशी विनंति आम्हीं चालकांस केली, ती त्यांनीं मान्य केली आहे.

त्याची व्यवस्था थोडक्यांत सांगतों. युवक मंडळांतील चार मुलें व चार मुली घरोघर जातील. त्यांना आम्हीं बजावून सांगितलें आहे कीं, तुम्ही वाद घालावयाचा नाहीं, दुरुस्ती करावयाची नाहीं, आणि हुंदका आला तर लेखणी खालीं ठेवावयाची. सांगणाऱ्याचें नांव लिहावें कीं नाहीं हें त्यानेंच ठरवावें. ज्यांनीं आश्रय दिला त्यांच्या गोष्टी आधीं विचाराव्या. माणूस त्या निःसंकोच सांगतो, आणि त्यांतूनच बाकीचें बाहेर येतें. मशिदींतील व मठांतील वडीलधाऱ्यांकडे आम्ही स्वतः जाऊन बोलणार आहों, म्हणजे उगीच गैरसमज होणार नाहीं. ज्यांच्या घरीं निजामाच्या अमदानींतले उर्दू कागद, पत्रें, वऱ्हाडांतील छावणीचे दाखले असतील त्यांनीं ते दाखवावे. त्यांची छायाप्रत काढून मूळ कागद त्याच दिवशीं परत केले जातील. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर आपल्या मंदिरांत जी प्रार्थना होईल तींत गोरट्याचे मेलेले, लातूरचे मेलेले आणि शोएबुल्ला खान, यांचा एकत्र उल्लेख होईल. ज्यांना तें ऐकावयाचें नसेल त्यांनीं तेवढा वेळ अंगणांत थांबावें. आम्ही रागावणार नाहीं.

काचिनांसाठीं जी मदत गोळा होईल ती बिशपमहाशयांच्या मार्फत जाईल. ती कॅथलिकांसच मिळावी अशी अट घालूं काय, असें एका सज्जनांनीं आम्हांस विचारिलें होतें. अट घातलेली नाहीं. छावणींत बाप्तिस्त आहेत, बौद्ध आहेत, आणि उपाशी मूल कोणत्या पंथाचें हें तांदूळ वाटणाऱ्यास विचारतां येत नाहीं. पेटी आजपासून दाराशीं उजव्या हातास ठेविली आहे. नाचणी, कडधान्य किंवा कापड देऊं इच्छिणारांनीं तें येथेंच विकून रक्कम द्यावी, कारण तें इतक्या लांब धाडणें परवडणार नाहीं. वह्यांचें काम येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर सुरू होईल. ज्यांस चालवत नाहीं त्यांनीं निरोप धाडावा, मुलें घरीं येतील.